‘पित्त’ कोणत्या रकान्यात लिहायचं?

(स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



या व्यासपीठावरून माझ्याआधी बोलून गेलेल्यांत कुणी साहित्यिक होते, कुणी इतिहाससंशोधक, कुणी न्यायमूर्ती. मी रेकॉर्ड रूमचा माणूस. इस्पितळात जिन्याखाली किंवा शवागाराच्या शेजारी एक खोली असते, तिथे जुने केस पेपर गठ्ठे बांधून ठेवतात. माझी उमेदीची वर्षं त्या खोलीत गेली आणि पुढची वर्षं तेच काम पोरांना शिकवण्यात गेली. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, “माझं काय ऐकणार लोक?” ते म्हणाले, “ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे त्या डॉक्टरकाकांना कार्डांचं वेड होतं आणि तुम्हालाही आहे. तेवढं पुरे.”

ते वेड इथल्या निम्म्या मंडळींनी डोळ्यांनी पाहिलंय. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, त्यात पोस्टकार्डाएवढी कार्डं, एका घरातली कार्डं एका दोऱ्यात. पुढच्या बाजूला तारीख, तक्रार, औषध. मागच्या बाजूला घरची हकिकत : पाणी कुठल्या विहिरीचं, नवरा मुंबईला गिरणीत, सासूला मोतीबिंदू. माझ्या आजीच्या कार्डाच्या कोपऱ्यात त्यांनी तांबड्या शाईनं लिहिलं होतं, ‘डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजवीकडून बोलावे.’ दवाखाना बंद झाला तेव्हा त्यांच्या मुलानं ते कार्ड मला दिलं. आज खिशात घालून आलोय. ते शेवटी काढीन.

आजचा विषय, आरोग्य-माहिती तंत्रज्ञानात काम करायचं तर माणसानं काय शिकावं. दरवर्षी बारावीचे निकाल लागले की मला फोन सुरू होतात. “नीटमध्ये नंबर लागला नाही आणि इंजिनिअरिंगला जायचं नाही म्हणतोय. मधलं काही आहे का?” मी सांगतो, आहे. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला : “कोर्स कितीचा आणि कॉम्प्युटर कुठला शिकवतात?” या दुसऱ्या प्रश्नापाशीच गाडी अडते. कॉम्प्युटर हा या कामाचा शेवटचा तिसरा हिस्सा आहे. आधीचे दोन हिस्से कुणी शिकवत नाही, आणि त्यांची फी कुणी विचारत नाही.

हे काम नवं आहे असंही समजू नका. क्रिमियन युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या तेव्हा मेलेल्या सैनिकांच्या तीन वेगवेगळ्या नोंदवह्या होत्या आणि तिन्हींचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. दिवा घेऊन फिरणारी बाई म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्या बाईंचं अर्धं आयुष्य रकाने आखण्यात गेलं. 1863 साली त्यांनी सगळ्या इस्पितळांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात असा आराखडा मांडला. हिंदुस्थानातलं पाणी, गटारं आणि मृत्यू यांचे आकडे त्या लंडनमध्ये बसून तपासत, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पुढे 1928 साली उत्तर अमेरिकेत या कामातल्या लोकांनी संघटना बांधली. तिच्या पहिल्या अध्यक्ष ग्रेस व्हायटिंग मायर्स या बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातल्या. संघटनेच्या नावात स्वतःसाठी त्यांनी शब्द घेतला होता ‘रेकॉर्ड लायब्रेरियन’. मला तो शब्द फार आवडतो. ग्रंथपाल जसा पुस्तक कुठे ठेवलंय एवढंच सांगत नाही, तुम्हाला नेमकं कुठलं पुस्तक हवंय हेही ओळखतो, तसं हे काम. साठच्या दशकात त्याच इस्पितळात दवाखान्याच्या कामासाठी संगणकाची एक भाषा तयार झाली. तिचं नाव ‘मम्प्स’, म्हणजे आपलं गालगुंड. तेव्हा या धंद्याला पहिल्यापासून थोडी सूज आहेच.

आता पहिला हिस्सा. शब्दाचा अर्थ.

ओपीडीत एक बाई येते आणि म्हणते, “मला पित्ताचा त्रास आहे.” मराठी माणसाला यात काही अवघड वाटत नाही. पण समोर संगणक आहे आणि त्याला कोड द्यायचाय. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची दहावी आवृत्ती घ्या, जिला आम्ही आयसीडी-10 म्हणतो. जेवणानंतर छातीत जळजळ, आंबट ढेकर, तर अन्ननलिकेत आम्ल उलटं येण्याचा के21. अर्धं डोकं ठणकतंय, उजेड सोसत नाही, उलटी झाली की बरं वाटतं, तर तिचं ‘पित्त’ म्हणजे अर्धशिशी, जी43. अंगावर गांधी उठल्यात, खाज सुटलीय, आई आमसुलाचं पाणी लावतेय, तेही पित्तच; त्याचा कोड एल50. आणि सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले तर के80. शब्द एक, आजार चार. एकाला पोटाचा डॉक्टर लागतो, दुसऱ्याला मेंदूचा, तिसऱ्याला कातडीचा, चौथ्याला सर्जन.

पहिल्या दिवशी मी वर्गात हा एकच शब्द फळ्यावर लिहितो आणि कोड विचारतो. हुशार मुलं मोबाइल काढून शोधायला लागतात. क्वचित एखादी मुलगी हात वर करते, “सर, बाईंना अजून दोन प्रश्न विचारले तर चालतील का?” तिला हे काम जमणार, हे मला तिथेच कळतं.

‘अंगावरून जातं’, ‘कणकण आहे’, ‘चमक भरली’, ‘वात आला’, ‘बाहेरचं झालं’ अशी ही यादी मोठी आहे. ‘कणकण’ म्हणजे ताप की नाही? थर्मामीटर नाही म्हणतो, पेशंट हो म्हणतो आणि पडद्यावर दोनच गोल आहेत : हो आणि नाही. डेंग्यूच्या साथीत हजारो जणांची कणकण कुठल्या गोलात गेली यावर जिल्ह्याचा आकडा हलतो. याच गोंधळाची इंग्रजी बाजू मृत्यूच्या दाखल्यावर दिसते. कारणाच्या जागी ‘हृदय व श्वसन बंद पडल्याने’ असं लिहून मोकळे होतात. अहो, मेलेल्या प्रत्येक माणसाचं हृदय बंद पडलेलंच असतं! ते का पडलं, त्याआधी काय झालं आणि त्या सगळ्याच्या मुळाशी कोणता आजार होता, ही साखळी त्या फॉर्मवर पायरीपायरीनं विचारलेली असते. तळाची पायरी कोरी राहिली की देशाच्या मृत्यूच्या कारणांत तेवढं एक भोक पडतं.

आकड्यांचंही तेच. मी विद्यार्थ्यांना कागदाचा एक कपटा देतो, त्यावर फक्त 7 लिहिलेलं असतं. विचारतो, पेशंट बरा आहे की वाईट? गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 7 असेल तर धावपळ करायला हवी. मधुमेह्याची तीन महिन्यांची सरासरी, एचबीए1सी, 7 टक्के असेल तर बहुतेक डॉक्टर पाठ थोपटतील. आणि मुलाकडे लंडनला सहा महिने राहून आलेल्या आजोबांच्या रिपोर्टवर उपाशीपोटीची साखर 7 असेल तर ते एकक वेगळं. तिकडचे 7 म्हणजे आपल्याकडचे 126, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. हा आकडा कुणी आपल्या मिलिग्रॅमच्या रकान्यात तसाच चढवला तर संगणक मुकाट्यानं घेतो. पण 7 मिलिग्रॅम साखर असलेला माणूस रिपोर्ट हातात धरून खिडकीशी उभा राहू शकत नाही, एवढं शहाणपण खिडकीच्या अलीकडच्या माणसाला लागतं. तपासण्यांच्या नावांसाठी लॉइंक, आजार आणि लक्षणांसाठी स्नोमेड, एका यंत्रातून दुसऱ्यात माहिती पाठवण्यासाठी एचएल7 आणि त्याचा धाकटा भाऊ फायर, ही सगळी प्रमाणकं याच भीतीतून जन्मली : आकडा एकटा प्रवासाला निघाला तर वाटेत त्याचा अर्थ हरवतो. हे पोटात शिरलं की प्रमाणकं महिन्याभरात येतात. नाही शिरलं तर ती पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरली जातात.

दुसरा हिस्सा. माणूस ओळखणं.

इथे बसलेल्यांपैकी 1 जूनला वाढदिवस असलेल्यांनी जरा हात वर करा. (सभागृहात बरेच हात वर होतात.) पाहा! शाळेत नाव घालायला गेल्यावर मास्तरांनी मापात बसेल अशी तारीख टाकून दिली. गुरुजींची सोय झाली, पण नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस तोच, असं मानणाऱ्या परदेशी सॉफ्टवेअरचा आपल्याकडे पार बोऱ्या वाजला. त्यात आडनावांचं इंग्रजी. चव्हाण एकाच घरात तीन तऱ्हांनी लिहिलेले मी पाहिलेत : बापाचं एक, थोरल्याचं दुसरं आणि आधार कार्डावर तिसरंच.

आणि बाईचं नाव? लग्न झालं की आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत तांदळात बोट फिरवून पहिलंही बदलतं. त्यातून पहिलं बाळंतपण माहेरी. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात, सासरच्या नावानं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि ती माहेरी जाते. प्रसूती माहेरच्या ग्रामीण रुग्णालयात होते, तिथे तिला सगळे ओळखतात म्हणून केस पेपर माहेरच्या नावानं निघतो. बाळाची पहिली लस तिथे, पुढची सासरी. कागदावर एका बाईच्या दोन बायका झाल्या : एक गरोदर, जिची प्रसूती कधी झालीच नाही, आणि दुसरी प्रसूत, जिला कधी दिवस गेलेच नव्हते. ऊसतोडीला बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे जाणाऱ्या टोळ्यांमधल्या बायांचं तर विचारूच नका. त्यांचा पत्ता साखरेच्या हंगामावर चालतो.

माझी चूक सांगतो, म्हणजे मी दुसऱ्यांवर हसतोय असं वाटायला नको. मी नोकरीत नवा होतो. ‘सुनीता पाटील’ हे नाव आपल्या जिल्ह्यात किती जणींचं असेल? त्या दिवशी एकाच वॉर्डात दोघी होत्या, वयही सारखं. एकीच्या रक्तगटाची चिठ्ठी मी दुसरीच्या फाइलला टाचली. रक्त चढवायच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरनी बाईंना नाव विचारलं, मग नवऱ्याचं, मग गावाचं. गाव जुळेना. त्यांनी चिठ्ठी परत पाठवली आणि खाली येऊन मला एवढंच म्हणाल्या, “भाऊ, मी गाव विचारलं नसतं तर?” त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे मी जी काही सॉफ्टवेअरं पाहिली, त्या प्रत्येकात मी आधी एकच शोधत आलो : गाव विचारायची जागा आहे का?

केंद्र सरकारनं 27 सप्टेंबर 2021 रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केलं. 14 आकडी आभा क्रमांक मिळाला की सासरची आणि माहेरची नोंद एका धाग्यात ओवता येईल, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगली आहे. पण क्रमांक ओवतो कोण? उपकेंद्रातली नर्सबाई, दारोदार फिरणारी आशाताई, खिडकीतला ऑपरेटर. एका हातात वजनकाटा, दुसऱ्या हातात मोबाइल, रेंज नाही, आणि संध्याकाळी तीच माहिती पुन्हा रजिस्टरात. या साखळीत सर्वांत कमी शिकवलेला माणूस सर्वांत महत्त्वाची नोंद करतो. प्रशिक्षणाचा विचार तिथून सुरू व्हायला हवा.

तो तिथून सुरू केला तर काय होतं, त्याचा दाखला आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं लहान मुलांचा न्यूमोनिया गावातच ओळखायचं ठरवलं. खूण साधी होती : मिनिटाला श्वास किती. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60 आणि त्यापुढे वर्षापर्यंत 50 किंवा जास्त असले तर धोका. पण सुईणींना एवढे मोठे आकडे मोजता येत नसत. आता आपल्यासारखे शिकलेले काय म्हणाले असते? आधी सुईणींना अंक शिकवा. ‘सर्च’नं श्वास मोजायचं साधन बनवलं : एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. श्वास मोजत मणी सरकवायचे, आणि वाळू सरायच्या आत मणी सरले तर बाळाला न्यूमोनिया आहे असं समजायचं. त्यात बॅटरी नाही, पडदा नाही. मी विद्यार्थ्यांना सांगतो की आपल्या राज्यात तयार झालेलं इतकं चोख आरोग्य-माहिती तंत्रज्ञान मला दुसरं दाखवा. पुढे त्याच गावांतल्या बायांनी आरोग्यदूत होऊन नवजात बाळांची वजनं, श्वास, दूध ओढणं यांच्या नोंदी ठेवल्या आणि घरीच उपचार केले. 39 गावांत हे काम आणि तुलनेसाठी 47 गावं. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचा शोधनिबंध 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ती नोंद खरी होती म्हणून जगानं मान्य केली, आणि ती खरी होती कारण लिहिणारीला ती कशासाठी लिहितोय हे माहीत होतं.

आता अमेरिकेचं एक उदाहरण, कारण घाईत काय होतं ते त्यात दिसतं. 2009 साली तिकडे कायदा झाला, हायटेक नावाचा. दवाखान्यांनी कागद सोडून संगणकावर यावं म्हणून सरकारनं पैसा ओतला. मग लक्षात आलं की हे काम करायला माणसंच नाहीत. सुमारे 51,000 लोक कमी पडतील असा अंदाज निघाला. तेव्हा 82 कम्युनिटी कॉलेजांना हाताशी धरून सहा महिन्यांची प्रशिक्षणं सुरू केली. सहा भूमिका ठरवल्या. दवाखान्यातल्या कामाची घडी नव्यानं बसवणारा, डॉक्टर-नर्समधून आलेला सल्लागार, नवी यंत्रणा बसवून देणारा, त्या बसवण्याचा व्यवस्थापक, बिघाड दुरुस्त करणारा आणि इतरांना शिकवणारा. पाच विद्यापीठांनी मिळून अभ्यासक्रम लिहिला आणि तो कुणालाही वापरायला खुला ठेवला. ही यादी मला अजून आदर्श वाटते. यातल्या दोनच भूमिकांत हात तारांपर्यंत जातो. बाकी साऱ्यांचं काम माणसांशी. अडचण एकच आली, आणि ती आपल्याकडेही येते. वर्गातून बाहेर पडलेल्यांना दवाखाने म्हणाले, “आधी अनुभव आणा.” सहा महिने शिकलात, पण वॉर्डात एक रात्र तरी काढलीत का?

आपल्याकडची एक आठवण याच्या शेजारी ठेवतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मेडिकल ट्रान्सक्रिप्शनची लाट आली. मुंबई-पुण्यात गल्लोगल्ली क्लास निघाले. रात्रपाळीत कानाला हेडफोन, अमेरिकेतला डॉक्टर बोलतोय, आणि आपली बी.कॉम. झालेली पोरं ते टाइप करतायत. माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांचे हप्ते त्यावर फिटले. मग यंत्राला बोलणं समजायला लागलं आणि ती लाट ओसरली. ज्यांनी फक्त टायपिंगचा वेग कमावला होता ते बाहेर पडले. ज्यांनी टाइप करता करता “हा डॉक्टर डावा पाय म्हणाला आणि पुढे उजव्याचं ऑपरेशन सांगतोय” हे पकडायची सवय लावून घेतली होती ते तपासनीस झाले, कोडिंगमध्ये गेले, गुणवत्ता विभागात गेले. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावानं तोच प्रश्न पुन्हा दारात उभा आहे. यंत्र कोड सुचवील, डिस्चार्ज कार्डही लिहील. ‘पित्त’ म्हटल्यावर कदाचित चारही अर्थ दाखवील. पण बाईंना आमसूल लावलं होतं का, हे विचारायला कुणीतरी खुर्चीतून उठावं लागेल. डावा-उजवा पकडणारा माणूस उद्याही लागणार.

तिसऱ्या हिश्श्याकडे, म्हणजे कॉम्प्युटरकडे, जायच्या आधी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

पहिली, तोंड बंद ठेवणं. कायद्याच्या भाषेत गोपनीयता. 2023 साली व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो शिकायलाच हवा. मेडिकल कौन्सिलचे 2002 चे नियमही माहीत हवेत : भरती झालेल्या पेशंटचे कागद तीन वर्षं जपायचे आणि त्यानं मागितले तर 72 तासांत द्यायचे. पण खरी परीक्षा कोर्टात होत नाही, ती घरी होते. मावशीचा फोन येतो : “अरे, तुझ्या त्या हॉस्पिटलात दाखवतात म्हणे ती माणसं. मुलीचं स्थळ आलंय. जरा कॉम्प्युटरवर बघून सांग ना, काही आजारबिजार नाही ना.” विद्यार्थ्यांना मी हा प्रसंग वठवायला लावतो. एक जण मावशी होतो, दुसरा कर्मचारी. नकार देताना भल्याभल्यांची ततपप होते. कायदा तोंडपाठ असतो, मावशीला काय सांगायचं ते पाठ नसतं. म्हणून ते वाक्य आम्ही वर्गात घोटून घेतो : “मावशी, उद्या तुझा कागद असाच कुणी बघितला तर?”

दुसरी, यंत्र बंद पडल्यावर काय. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. देशातल्या सर्वांत मोठ्या इस्पितळांपैकी एक, आणि जवळपास दोन आठवडे ओपीडी, भरती, तपासण्यांचे रिपोर्ट सगळं हातानं चालवावं लागलं. तेव्हा जुन्या पद्धतीनं केस पेपर लिहिता येणारी माणसं कामाला आली. म्हणून माझ्या मते प्रत्येक प्रशिक्षणात एक दिवस वीज बंद करून वर्ग घ्यावा. कागद, कार्बन, पेन आणि साठ पेशंट. दुसऱ्या दिवशी तो सगळा कागद न चुकता संगणकात चढवायचा. तो दुसरा दिवस पहिल्यापेक्षा अवघड असतो.

आता शिकायचं कुठे. केंद्र सरकारच्या सेंट्रल ब्युरो ऑफ हेल्थ इंटेलिजन्सची मेडिकल रेकॉर्ड ऑफिसर आणि टेक्निशियन यांची प्रशिक्षणं दिल्लीचं सफदरजंग, पुदुच्चेरीचं जिपमेर अशा ठिकाणी चालत आली आहेत. पुण्याच्या सी-डॅकला आपण परम महासंगणक आणि संगणकावरची देवनागरी यांसाठी ओळखतो. स्नोमेडचं आणि देशाच्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंदींच्या प्रमाणकांचं राष्ट्रीय केंद्रही तिथेच आहे, हे आपल्या मुलांना माहीत नसतं. ती प्रमाणकं पहिल्यांदा 2013 साली आली आणि 2016 साली सुधारली. 2021 साली संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत आरोग्य-माहिती व्यवस्थापन हा स्वतंत्र वर्ग आहे. जिन्याखालच्या खोलीला पहिल्यांदाच कायद्यात दार मिळालं. नोकऱ्या इस्पितळांत आहेत, विम्याच्या दाव्यांत आहेत, कोडिंग कंपन्यांत आहेत, लॅब आणि एक्स-रेच्या सॉफ्टवेअरांत आहेत आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातही आहेत.

कोर्स निवडताना पालकांनी जाहिरातीतलं पॅकेज विचारू नये. तीन प्रश्न विचारावेत. पोरगं किती दिवस वॉर्डात उभं राहणार? शिकवणाऱ्यांत कुणी नर्स आहे का? आणि खरे, नावं झाकलेले केस पेपर किती वाचायला मिळणार? मला विचाराल तर पहिले तीन महिने संगणकाला हात लावू देऊ नये. पहिला महिना केस पेपरच्या खिडकीत, रांगेच्या तोंडाशी. दुसरा वॉर्डात, सिस्टर आणि मावशी-मामांच्या मागे. तिसरा रेकॉर्ड रूममध्ये, डॉक्टरांचं अक्षर वाचत. शरीरशास्त्र, औषधांची नावं आणि आजारांची इंग्रजी भाषा यांचा अभ्यास सोबत चालेलच. चौथ्या महिन्यापासून तिसरा हिस्सा, कॉम्प्युटर : डेटाबेस शिकवा, एसक्यूएल शिकवा, कोडिंगच्या परीक्षा द्यायला लावा, फायर शिकवा, सुरक्षा शिकवा. तोवर त्याच्या डोक्यात प्रश्न तयार झालेले असतात, त्यामुळे उत्तरं पटापट बसतात. उलट क्रमानं शिकवलं की उत्तरं आधी मिळतात आणि प्रश्न नोकरी लागल्यावर भेटतात, तेही पेशंटच्या अंगावर.

वेळ संपत आला. खिशातलं कार्ड काढतो.

‘डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजवीकडून बोलावे.’ दरवर्षी वर्ग संपताना मी हे कार्ड मुलांसमोर ठेवतो आणि विचारतो, “हे तुमच्या सॉफ्टवेअरात कुठे बसवाल?” उत्तरं ठरलेली असतात. एक जण म्हणतो बहिरेपणाचा कोड देऊ, एच91. दुसरा म्हणतो शेऱ्याचा रकाना आहेच. तिसरा म्हणतो नवा रकाना काढू, त्यात डावा आणि उजवा असे दोन पर्याय. सगळी उत्तरं बरोबर असतात. पण कोड दिला तर आजीचं काय बिघडलंय ते कळतं, तिच्या खाटेच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते कळत नाही. शेऱ्याच्या रकान्यात टाकलं तर तो कुणी वाचत नाही.

गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. तिची आई उपकेंद्रात नर्स आहे. ती म्हणाली, “सर, आत्ताच रकाना नको. आधी सिस्टरना विचारून येऊ, त्या हे कुठे लिहितात.”

मी तिला दुसऱ्या दिवशी वॉर्डात पाठवलं. संध्याकाळी ती परत आली आणि सांगायला लागली, “सर, त्या कुठेच लिहीत नाहीत. खाटेच्या उजव्या दांड्याला बँडेजची पट्टी बांधतात. ड्यूटी बदलली की नव्या सिस्टरला ती दिसते.”

त्या पट्टीसाठी पडद्यावर जागा शोधायचं काम आमच्या वर्गात अजून चालू आहे.